उर्मिलाचे पत्र डिपॉझिटमध्ये

५ ऑगस्ट १९८४, रविवार

खताच्या दुकानदाराने जानेवारीत दिलेली डायरी आज काढली. सात महिने कोरेच गेले. उरलेली पाने तरी माणसाने सत्याने भरावीत. ही कोणी वाचणार नाही, म्हणजे खोटे लिहिण्याचे काही कारणच नाही.

आज जेवताना उर्मिला म्हणाली की बाबा, मला इंडिपेंडंट व्हायचं आहे. मी अर्थ विचारला. ती म्हणाली, कोणाच्या आधाराशिवाय उभं राहणं. एवढे सांगून तिने माझ्या ताटात गरम भाकरी टाकली, माझा चष्मा घागरीवरून शोधून आणला आणि माझ्या थैलीतली इंग्रजी पत्त्यांची पत्रे घेऊन एकेकावर पेन्सिलीने मराठीत नाव लिहून दिले.

हे काम ती सहा वर्षांपासून करते. नत्थूजींना, म्हणजे आमच्या गावच्या डाकबाबूंना, ते माहीत नाही. गावाला वाटते, शालिकराम पोस्टमन इंग्रजी वाचतो. मी तसे कधी म्हटलेले नाही. फक्त पाकीट हातात घेऊन थोडा वेळ गंभीर होतो.

शब्द चांगला आहे. इंडिपेंडंट. लिहून ठेवला.

६ ऑगस्ट, सोमवार

दुपारी थैली आली. नत्थूजींनी ठप्पे मारले आणि एक लांब पाकीट माझ्या हातात दिले. म्हणाले, "शालिकरामजी, हे तुमच्या पोरीचं. छिंदवाड्याचं सरकारी दिसून राहिलं. पेढे लागतील!"

मला इंग्रजीतले दोनच शब्द ओळखता येतात. एक माझे नाव आणि एक उर्मिलाचे. तिनेच शिकवले. आज दोन्ही एकाच पाकिटावर होते.

मे महिन्यात तिने टेलिफोन ऑपरेटरचा फॉर्म भरला होता. नोकरी लागली तर आधी जबलपूरला ट्रेनिंग, मग कोण जाणे कुठे.

सहा मैलांची फेरी केली. पाकीट सगळ्यात वर ठेवले होते, तरी थैली जड लागली. घरी आलो तेव्हा उर्मिला विहिरीवर होती. घागर घेऊन आली आणि विचारले, बाबा, आज डाक काही होती का? मी म्हटले, डाक तर रोजच असते. यात खोटे काहीही नाही.

नियम असा आहे की पत्त्यावरचा माणूस भेटला नाही तर पत्र सात दिवस डिपॉझिटमध्ये ठेवता येते. उर्मिला भेटली, पण नीट भेटली असे म्हणता येणार नाही. डोक्यावर घागर होती.

म्हणून पत्र डिपॉझिटमध्ये ठेवले. म्हणजे तथागतांच्या फोटोमागे.

संकल्प: सात दिवसांत इंग्रजी झेडपर्यंत शिकायचे. आठव्या दिवशी पत्र द्यायचे. मग ती माझी काळजी न करता जाईल. यात तिचेच हित आहे.

७ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी वंदनेला बसलो. पंचशीलातले दुसरे म्हणताना अडखळलो, कारण न दिलेली वस्तू घेणार नाही असे त्यात आहे. वस्तू मला नत्थूजींनी स्वतः दिली, असे मनाला सांगितले. चौथे, खोटे न बोलण्याचे, येताच खोकला आला. समोर फोटो, फोटोमागे पत्र. पत्र काढून खुंटीवरच्या जुन्या खाकी रेनकोटच्या खिशात ठेवले.

रात्रीच्या जेवणानंतर उर्मिलाला सांगितले की मलाही इंडिपेंडंट व्हायचे आहे, मला इंग्रजी शिकव. डोळे भरून आले तिचे. लेकीला बापाचे कौतुक वाटणारच.

शकुंतलेने, उर्मिलाच्या आईने, चुलीजवळच्या भिंतीवर चुन्याची रेघ मारली. एक आधीची होती, आता दोन झाल्या. कोंबडी बसवलेली दिसते. एकवीस दिवस मोजावे लागतात.

८ ऑगस्ट, बुधवार

ए ते जी झाले. उर्मिला फार चांगली शिकवते. वाक्येही माझ्या धंद्यातली देते. "फादर हॅज अ लेटर" हे दहा वेळा लिहायला लावले. मग "गिव्ह मी द लेटर" दहा वेळा. अर्थ सांगितला. मी म्हटले, किती सोपी उदाहरणे शोधतेस!

शकुंतला चुलीपाशी भाकरी थापता थापता हसत होती. तिला अक्षरओळख दुसरीपर्यंतची. तिला यातले काय कळणार?

९ ऑगस्ट, गुरुवार

एच अवघड आहे. आय सोपा आहे, नुसती काठी. आज आयवरच भर दिला.

उर्मिलाने विचारले, डाक काही होती का? मी म्हटले, भिवाजीचे विमा कंपनीचे पत्र आले. ते खरेच आले होते.

११ ऑगस्ट, शनिवार, पौर्णिमा

उपोसथ. पांढरे कपडे. आज आठ शीले पाळायची. खोटे बोलण्याचा प्रसंगच येऊ नये म्हणून दिवसभर मौन धरले. डाक मौनानेच वाटली. गावाला वाटले शालिकरामची साधना वाढली. दोघे पाया पडायला वाकले, त्यांना हातानेच थांबवले.

नत्थूजींनी विचारले, काय जी, पोरीच्या पत्रात काय निघालं? मी तोंडावर बोट ठेवले. ते म्हणाले, असं का! म्हणजे मोठीच नोकरी दिसते, सांगायची नाही.

संध्याकाळी विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन. वाचायला उर्मिला. तिचा आवाज स्वच्छ आहे. एक शब्दही अडत नाही. बाया मन लावून ऐकत होत्या. ती गेली की कोण वाचणार, हा विचार मनात आला. म्हणजे प्रश्न एकट्या माझा नाही, साऱ्या विहाराचा आहे.

हे मनात आल्यावर बरे वाटले. मग बरे वाटल्याचे वाईट वाटले.

१३ ऑगस्ट, सोमवार

सात दिवस झाले. पण मध्ये एक रविवार गेला. तो धरत नाहीत. पौर्णिमेला मी मौनात होतो, तो दिवसही धरता येणार नाही. शिवाय अजून एलवरच आहे. मुदत वाढवली.

पत्र जागेवर आहे का ते पाहिले. आहे. मी उघडलेले नाही. अठ्ठावीस वर्षांत दुसऱ्याचे पत्र मी कधी उघडले नाही, याचा मला अभिमान आहे. पाकिटाच्या तोंडाला मात्र गव्हाच्या खळीचा वास येतो आणि ते थोडे वाकडे चिकटले आहे. पावसाळ्यात सरकारी गोंद असाच होतो.

१५ ऑगस्ट, बुधवार

शाळेत झेंडा. भिवाजीने भाषण केले. मागच्या पंचायतीच्या निवडणुकीत तो निर्दलीय, म्हणजे अपक्ष उभा होता, छाप सायकल. घरात चौदा मते, पेटीत निघाली अकरा. आजही भाषणात तो त्या तिघांनाच शोधत होता.

उर्मिलाने सांगितले की त्यालाही इंडिपेंडंटच म्हणतात. आणि आजचा दिवस देश इंडिपेंडंट झाल्याचा. नत्थूजी म्हणाले, नागपूरला त्यांच्या भाच्याने घर घेतले, त्यालाही इंडिपेंडंट म्हणतात, कारण त्याची भिंत कोणाच्या भिंतीला लागून नाही. मी म्हटले, मग रात्री खोकला आला तर ऐकणार कोण? नत्थूजी म्हणाले, तेच तर सुख आहे जी!

मी मनन केले. या शब्दाचे सगळे अर्थ ऐकायला चांगले आहेत, पण प्रत्येकात कोणीतरी मागे राहते.

कोंबडी अंगणात दाणे टिपत होती. मग बसवली कोणती? भिंतीवर दहा रेघा आहेत. विचारले नाही.

१७ ऑगस्ट, शुक्रवार

आज पूर्ण इंडिपेंडंट डाक वाटायची ठरवली. इंग्रजीची चार पत्रे उर्मिलाला न दाखवता घेऊन निघालो. पहिले अक्षर व्ही होते, वच्छलाबाईच्या जुन्या पाकिटांवर असायचे तसेच, म्हणजे वच्छलाबाई. म्हातारी एकटी राहते, मुलगा खाणीत कामाला आहे, दोन वर्षांत त्याचे पत्र नाही. तिला पाकीट दिले तेव्हा तिने ते आधी कपाळाला लावले. मग रडायला लागली. मला म्हणाली, वाच ना बाप्पा, काय लिहिते तो?

मी उघडून गंभीर झालो. आत ट्रॅक्टरचे चित्र होते.

उर्मिलाला बोलवावे लागले. पाकीट एका ट्रॅक्टर कंपनीचे, विठोबा पाटलाच्या नावाचे. उर्मिलाने म्हातारीला जवळ घेऊन समजावले. म्हातारीने चित्र परत दिले नाही. भिंतीला लावले. म्हणाली, आलं तर आहे ना काही. पाटलाची उर्मिलानेच समजूत घातली.

उरलेल्या तीन पत्रांवर तिने पेन्सिलीने नावे लिहून दिली. येताना फक्त म्हणाली की बाबा, पत्राची वाट पाहणाऱ्याचं काय होते, पाहिलं ना?

मी म्हटले, हो, फारच वाईट. चुकीच्या पत्त्यावर देणे फार मोठा गुन्हा आहे.

१९ ऑगस्ट, रविवार

उर्मिला बोरगावला मामाकडे गेली, दोन दिवसांसाठी. निळी साडी नेसली. सर्टिफिकेटांची फाइलही नेली. मामाला दाखवायची असेल, भाचीचे मार्क त्याला माहीत नसतील.

ती गेल्यावर एकदम हलके वाटले. आता पत्त्यावरचा माणूस खरोखरच गावात नाही. आजपासून पत्र पूर्ण नियमाने डिपॉझिटमध्ये आहे. वंदनेत चौथ्याला फक्त अर्धाच खोकला आला.

शकुंतला म्हणाली, "रोज चौथ्यालेच घसा काहून बसते जी तुमचा? तिसऱ्याले तर खणखणीत राहते!"

चहा स्वतः केला. इंडिपेंडंट. साखर म्हणून मीठ पडले. दोन्ही डबे सारखे आहेत, उर्मिला असली की ती सांगते. पिऊन टाकला.

२१ ऑगस्ट, मंगळवार

उर्मिला परत आली. पेढे आणले. मामाने दिले असतील. एक मला, एक शकुंतलेला, दोन फोटोपुढे. चार घेऊन नत्थूजींकडे स्वतः गेली. नत्थूजींना का, कळले नाही. दुपारी थैली घ्यायला गेलो तर ते माझ्यासमोर पेढा खात होते आणि माझ्याकडे पाहत होते.

पेढा गोड होता. 

शकुंतलेने पत्र्याची ट्रंक धुऊन उन्हात ठेवली. ढेकूण झाले असतील.

२३ ऑगस्ट, गुरुवार

वच्छलाबाईच्या दारावरून गेलो. आज तिचे काही नव्हते. तरी ती उंबरठ्यावर बसलेली. मी म्हटले, आत्याबाई, काही आले की मीच घरात आणून देईन, उन्हात कशाला बसता? ती म्हणाली, "तुयावर भरवसा आहे म्हणून तर बसते बाप्पा. आलेलं तू ठेवून नाही घेणार. नाहीच आलं तर ते पोराकडून."

पुढच्या चार घरांची डाक कशी वाटली ते आठवत नाही.

संकल्प: उद्या सकाळी पत्र देणे.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

पत्र काढले. मागे ठप्पा सहा ऑगस्टचा. स्पष्ट आहे, नत्थूजींचा हात जड. सहाच्या आधी दोन काढला तर सव्वीस होते. सव्वीसला रविवार आहे आणि पोळाही, त्या दिवशी ठप्पा पडत नाही, हे शाई बोटाला लागल्यावर लक्षात आले. मग मी काय करायला निघालो होतो, तेही लक्षात आले.

बोट राखेने घासले. डाग गेला नाही.

उर्मिलाने आज विचारले नाही की डाक काही होती का. काल विचारले होते का? आठवत नाही. मी ऐकणेच सोडले असेल.

२५ ऑगस्ट, शनिवार

दिले नाही. तिचे डोके दुखत होते असे वाटले.

२६ ऑगस्ट, रविवार, पोळा

दुपारपर्यंत गावात बैल धुणे, शिंगे रंगवणे. आम्ही बैल पुजत नाही, पण पाहायला गेलो. भिवाजीचा बैल झूल घालून उभा होता. आज त्याच्या मानेवर जू नाही. एक दिवस इंडिपेंडंट. पण उद्या जू ठेवणारा आज त्याच्या पाया पडतो, मला तेवढेही जमले नाही.

घरी आलो. सुट्टी असून खाकी कपडे घातले, टोपी घातली, थैली घेतली, पत्र थैलीत टाकले, बाहेर जाऊन स्वतःच्या दारात उभा राहिलो आणि आवाज दिला, पोस्ट!

उर्मिला आली. हात पुसून पत्र घेतले. उघडले नाही. उलटे करून ठप्पा पाहिला. म्हणाली, "वीस दिवस लागले बाबा. विहिरीपासून घरापर्यंत."

मी नियम सांगायला लागलो. रविवार, पौर्णिमा. तिने सांगू दिले. माझे संपल्यावर म्हणाली की मुलाखत वीस तारखेला छिंदवाड्याला झाली. मामा सोबत होते. यादीत नाव आहे. एक तारखेला जबलपूरला हजर व्हायचे आहे.

नत्थूजींनी तिला सहा तारखेलाच सांगितले होते, विहिरीवर, माझ्या आधी. सातला मी डाकेला गेल्यावर तिने रेनकोटमध्ये पत्र शोधले, चहाच्या वाफेवर उघडले, वाचले, खळीने चिकटवले आणि परत ठेवले.

मी विचारले, परत का ठेवले? ती म्हणाली, "तुम्ही द्याल म्हणून. रोज विचारून राहिली होती ना मी. तुम्ही जाऊ नको म्हटलं असतं तर मी भांडली असती. पण भांडायला तरी तुम्ही पाहिजे होते."

मी म्हटले, बोरगावला जाते म्हणालीस ते? ती म्हणाली, बोरगावला गेलीच होती. तिथून पुढे गेली. यात खोटे काहीही नाही.

माझीच लेक.

शकुंतला चुलीजवळून म्हणाली, "एकवीस रेघा झाल्या जी. कोंबडी बसवली असती तर आतापर्यंत पिल्लं निघाली असती."

२७ ऑगस्ट, सोमवार

आज पांढुर्ण्यात गोटमारीची जत्रा. जाम नदीच्या एका काठावरून सावरगावचे, दुसऱ्या काठावरून पांढुर्ण्याचे, दिवसभर दगड. संध्याकाळी डोकी बांधलेले दोघे-तिघे गावातून गेले, हसत होते. लागलेले दिसते, म्हणून सोपे.

मला घरात कोणी काही म्हणत नाही. जेवायला वाढतात. उर्मिलाने एम शिकवला. एक दगड तरी मारला असता तर बरे झाले असते.

२९ ऑगस्ट, बुधवार

काल रस्ते मोकळे झाले. आज तिला पांढुर्ण्याला गाडीत बसवून दिले. इटारसीला बदलायची. ट्रंक मी उचलली, ढेकणांची नव्हती. गाडी हलताना मी म्हटले, मी आता इंडिपेंडंट आहे, काळजी करू नको. तिने खिडकीतून माझा चष्मा दिला. तो तिच्याच पिशवीत राहिला होता. कोणी ठेवला, मीच ठेवला असेन.

परत येताना बस स्टँडवर एक माणूस विचारत होता, ती समोरची बस सौंसरला जाते का? पाटी इंग्रजीत होती. मी गंभीर झालो. मग म्हटले, मला वाचता येत नाही. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा म्हटले. त्याला काहीच वाटले नाही. तो दुसऱ्याला विचारायला गेला.

१ सप्टेंबर, शनिवार

इंग्रजीची पाच पत्रे. घरी आणली. एमपर्यंतची अक्षरे ओळखतो, पण लोकांची नावे एमच्या पुढेच फार आहेत. तासभर बसलो. सोमवारी नत्थूजींना खरे सांगायचे ठरवले. नोकरीचे जे व्हायचे ते होईल.

शकुंतलेने हात धुतले, पाकीट घेतले, चुलीच्या उजेडात धरले आणि अक्षरे एकेक करून म्हणू लागली. मग म्हणाली, हे तर मुकुंद मास्तरचं आहे. दुसरे, स्मिताचं, खालच्या आळीतली. पाचही वाचली. एका ठिकाणी अडली, तिथे कोळशाने जमिनीवर अक्षर काढून पाहिले.

मी विचारले, तू कधी शिकलीस? ती म्हणाली, "तुम्ही एचवर झोपले, मी तर पोरीसंगं झेडपर्यंत जागीच होती. भाकरीले कान लागत नाही ना जी."

पेन्सिल तिच्याकडे दिली.

३ सप्टेंबर, सोमवार

नत्थूजींना सांगितले. ते म्हणाले, मला तर पाच वर्षांपासून माहीत आहे. पत्रांवर पेन्सिलीची अक्षरं पोरीची आहेत हे काय दिसत नाही? बरं झालं बोलले. आता वहिनीचं अक्षर जरा मोठं आहे, पेन्सिल टोकदार ठेवत जा म्हणावं.

माझ्यावर कोणी रागावत नाही, हे फार जड आहे.

१० सप्टेंबर, सोमवार

थैलीत जबलपूरचे कार्ड. पत्ता इंग्रजीत. नत्थूजींनी दिले. मी पहिले अक्षर पाहिले, मग दुसरे. मग तिसरे. तिसऱ्या अक्षरापर्यंत वाटत होते की माझे नाव आहे, सुरुवात सारखीच आहे. माझे नव्हते. शकुंतलेचे होते. पूर्ण नाव मी स्वतः वाचले, न शिकलेली दोन अक्षरे अंदाजाने. कोणी सांगितले नाही.

फेरीचा क्रम मोडला. आधी घर. दारात उभा राहून म्हटले, पोस्ट! शकुंतला बाहेर आली आणि म्हणाली, "सात दिवस ठेवायचं नाही का जी?"

मी म्हटले, पत्त्यावरचा माणूस भेटला.

तिने ठप्पा पाहिला. आजचाच होता. मग उंबरठ्यावर बसून कार्ड वाचले, मराठीत होते, तरी सावकाश. मी उभाच. माझ्यासाठी एकच ओळ होती: बाबांना सांग, साखरेच्या डब्यावर एस लिहिला आहे.

शकुंतलेने ओल्या फडक्याने चुलीजवळची भिंत पुसली. रेघा गेल्या, पांढरट डाग राहिला.

मी आत जाऊन डबे पाहिले. दोन्हींवर अक्षरे आहेत, तिनेच काढलेली, मला तेव्हा दिसली नव्हती. एस शोधून चहा केला. दोघांनी प्यायला. आजही मीठच होते. शकुंतला म्हणाली, मिठालेही इंग्रजीत एसच लागते जी.

संध्याकाळी वंदनेत चौथे शील अडखळत का होईना, पूर्ण म्हटले. उद्यापासून एन.